टर्बोवरच्या अक्षता

अजिनाथ गाडी घेऊन हायवेला लागला तशी टर्बोची शिट्टी सुरू झाली, आणि गोरक्ष हात पुसत गॅरेजच्या दारात येऊन ती ऐकत उभा राहिला. बारीक, लांब, चढत जाणारी शिट्टी. अख्ख्या मिरजगावात अशी शिट्टी मारणारी मोटरसायकल दुसरी नव्हती. भंगारातून आणलेला डिझेल कारचा टर्बो, म्हणजे इंजिनात जोरानं हवा कोंबणारा पंखा, त्यानं अजिनाथच्या जुन्या गाडीला बसवला होता. पाईप स्वतः कापले, वेल्डिंग स्वतः मारलं. आता माणसाला थोडा माज येणारच की!

तेवढ्यात अजिनाथची बायको सीमा मोबाईल घेऊन आली.

"भाऊजी, बघा तर, पूजा कसली झ्याक आलीय!"

मोबाईल अजिनाथचाच. पूजेच्या वेळी तिनं तो पान्यांच्या डब्याला टेकवून शूटिंग चालू ठेवलं होतं. गोरक्ष हसत हसत बघू लागला. पडद्यावर गाडी जागेवरच चालू होती. तेल टर्बोपर्यंत नीट पोचेस्तोवर गाडी हलवायची नाही, हा त्याचाच नियम. त्याचे स्वतःचे दोन पाय गाडीआडून बाहेर आलेले, कारण तो तेव्हा आडवा होऊन तेलाची नळी गळते का ते बघत होता. चाकाखाली लिंबू. सीमानं टाकीला कुंकू लावलं, गाडी ओवाळली आणि अक्षता टाकल्या.

त्या टाकीवर पडल्या, सीटवर पडल्या. टर्बोच्या तोंडापाशी आलेले दाणे मात्र खाली पडलेच नाहीत. ते मधेच वळले आणि आत गेले.

गोरक्षनं पडदा डोळ्यांजवळ ओढला.

"वहिनी, परत लावा जरा."

परत तेच. दाणे आत गेले होते, त्यात शंकाच नव्हती.

टर्बोच्या तोंडावर फिल्टर असता तर भ्यायचं काही कारण नव्हतं. पण फिल्टर टेबलावर पडला होता. सकाळी अजिनाथ म्हणाला, "गोरख्या, ते टोपडं काढ की, शिट्टी मोकळी येऊ दे," आणि ह्या शहाण्यानं काढलं! गिऱ्हाइकाला उठताबसता सांगणारा हाच. आत पंखा मिनिटाला लाखावर फेरे घेतो, त्यात वाळूचा खडासुद्धा जाता कामा नये. पातं तुटलं की तुकडे थेट इंजिनात, इंजिन जाम, मागचं चाक जागच्या जागी लॉक, आणि माणूस डांबरावर. एवढं सगळं तोंडपाठ, आणि जिवाभावाचा दोस्त धाडला बिनफिल्टरचा.

"फोन लावा त्याला! थांब म्हनावं!"

"कुनाला लावू? फोन तर ह्यो माज्या हातात हाय." सीमा हसली, मग त्याच्याकडे बघून हसायची थांबली. "काय झालं वो?"

"काय न्हाई."

काय सांगणार बाईला? तुमच्या हातचे दाणे तुमच्या नवऱ्याच्या इंजिनात गेलेत म्हणून? स्कूटर काढावी, तर तिच्यानं ती गाडी काय गाठली जाणार होती! स्वतःच तर इतकी पळती केली होती ना.

शिट्टी अजून ऐकू येत होती. चढायची, गिअर पडला की उतरायची, परत चढायची. दर चढाला गोरक्ष रस्त्याकडे एक पाऊल सरकायचा. आता मूठ पिळू नको रं बाबा, तो मनात म्हणत होता, आता नको. मग उसानं लादलेला ट्रॅक्टर गाणी वाजवत समोरून गेला, आणि तो गेल्यावर शिट्टी नव्हती.

लांब गेला म्हणून ऐकू येत नसेल. का दुसरं काही झालं असेल? गोरक्ष रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिला. माहिजळगावच्या चौकातून वळून येतो म्हणून अजिनाथ गेला होता. रस्ता सरळ, मोकळा, नवा, पळवायला अगदी मोहात पाडणारा. सीमा शेजारी येऊन उभी राहिली.

आणि मग शिट्टी आली. आधी अगदी बारीक, मग मोठी. पण तिच्यात काहीतरी खरखरत होतं. पत्र्यावर नख ओढावं तसं.

अजिनाथ गॅरेजसमोर येऊन थांबला. गाडी स्टँडवर घेतली, खाली उतरला, हेल्मेट काढलं. तोंडभर हसू.

"काय पळती राव! डोळ्यातनं पानी काढलं तिनं. आन बग, तू सांगितल्यावानी लगीच बंद केली न्हाई. टर्बो थंड हुईस्तोवर चालूच ठिवतो."

गोरक्षला रडू का हसू ते कळेना. माणूस उभा होता. दोन्ही पायांवर, धडधाकट. त्यानं अजिनाथच्या दंडाला हात लावून बघितला.

"थांबा, थांबा!" सीमा आतून पूजेचं ताट घेऊन आली. तिचाही जीव भांड्यात पडला होता. "पयल्या फेरीतनं नीट आलात, तुमाला आन गाडीला वोवाळती."

ताट फिरलं, तिनं चिमूट उचलली, आणि गोरक्ष झेपावला. त्यानं टर्बोच्या तोंडावर अख्खा पंजा दाबला. अक्षता त्याच्या हातावर पडल्या. इंजिन गुदमरलं, दोन आचके दिले आणि बंद पडलं.

"आरं!" अजिनाथ ओरडला. "लगीच बंद करायची न्हाई म्हनून तूच बोंबलत हुतास ना?"

"भाऊजी, तुमच्यावरच पडल्या की सगळ्या!" सीमा खळखळून हसली.

गोरक्षनं हात काढला नाही. पंज्याखाली पंखा अजून फिरत होता, आणि दर फेऱ्याला कुठंतरी घासत होता.