बिनपॉलिशची फरशी

"बँकेत शिरलेल्या माणसाचा आवाज आपोआप खाली गेला पाहिजे, पोरी. तेवढं साधलं की नकाशा जमला."

नागपूरला ज्यांच्या हाताखाली अल्का मेश्राम इमारतींचे नकाशे काढायला शिकली, त्या सरांचा हा आवाज. सर जाऊन कैक वर्षं झाली. पण नव्या बँकेच्या दारात पाय ठेवला की तो कानात येतोच, आणि ती मनातल्या मनात त्याच्याशी भांडतेच. आज एका सहकारी बँकेच्या नव्या देवरी शाखेतही तेच झालं.

घरं तिनं फार बांधली नाहीत. बँकाच बांधल्या. आमगाव, सालेकसा, सडक अर्जुनी, कुडवा. या सहकारी बँकेच्या बहुतेक इमारती तिच्याच हातच्या. बांधकामावर गारा कालवणाऱ्या बायांनी तिच्यावर गाणंही जोडलं होतं:

बँकवाली बाई आली, उनात धरून छत्री,
मालकाले भेईना कोनी, बाईले भेते मिस्त्री.

प्रत्येक बँकेत तिची फरशी एकच. कोटा, तीही बिनपॉलिशची. कोणी विचारलं की ती म्हणायची, "पावसाळ्यात लोक चिखलाच्या पायांनी येतात. चकचकीत फरशीवर घसरतील." लोकांना पटायचं.

आज मात्र काउंटरपुढची तिची फरशी उखडलेली होती. तिथं पांढऱ्याशुभ्र टाइल्सचा एक चौकोन चमकत होता. बाजूला बँकेचे अध्यक्ष खुशालभाऊ कटरे, आणि मान खाली घालून ठेकेदार ओमेश.

"मले न विचारता?" अल्कानं ओमेशला विचारलं.

"त्याले काय बोलता मॅडम, मी सांगतलो," खुशालभाऊ म्हणाले. "न घसरनारी टाइल हाय. पानी टाका, तेल टाका. तुमचं टेन्शन खतम. ओमेश, दाखव."

ओमेशनं बाटलीतलं पाणी ओतलं. अल्कानं त्यावर बूट घासून पाहिला. बूट जागचा हलला नाही.

"बोला आता. काऊन नाही पाहिजे?"

अल्कानं ओला बूट कोट्याच्या फरशीवर पुसला.

"जमाना कुठं चालला, अन् तुमी कोट्यावरच अडून बसल्या. इथं जशी फरशी, तशीच यापुढं साऱ्या शाखांत. रायपूरचा एक पोरगा नकाशे घेऊन चकरा मारून राहिला माझ्याकडं. हो म्हनाल तर काम तुमचं. नाही तर त्याचं."

तेवढ्यात उघड्या दारातून एक म्हातारी आत आली. जंगलाकडच्या गावची रुख्मा. तिचं खातं या शाखेत येणार होतं, आणि शाखा अजून उघडली नाही हे तिला ठाऊक नव्हतं.

"चालू झाली का जी बँक? बसवाल्या मेल्यानं पार तिकडं ढाब्यापाशी उतरवलन!" चपला फटफट वाजवत, बोलत बोलत ती खडबडीत फरशीवरून थेट काउंटरकडे निघाली.

पांढऱ्या चौकोनाच्या काठाशी ती थांबली. खाली पाहिलं. मग वाकून दोन्ही चपला काढल्या, एकीवर एक ठेवून पदराखाली धरल्या आणि अनवाणी पायांनी, अंग चोरून, टाइलवर उभी राहिली.

खुशालभाऊ खूश झाले. "पाहिलं मॅडम? कोनाले सांगा नाही लागलं. बुढी आपोआप इज्जत देऊन राहिली. हेच तर पाहिजे बँकेले!"

अल्का रुख्माच्या पायांकडे पाहत होती. भेगाळलेल्या टाचा. आत वळवून घेतलेली बोटं.

"खुशालभाऊ," ती म्हणाली, "माझ्या एकाही बँकेत कोणी घसरलं नाही. घसरण्याची मला कधी काळजीही नव्हती. चमक दिसली की आमची माणसं चपला हातात घेतात, म्हणून मी ती चमक येऊ देत नाही. माझी आई पहिल्यांदा बँकेत गेली तेव्हा अशीच उभी होती. दोन्ही हातांनी पदराखाली चपला धरून, अंगठा द्यायला हात मोकळा नाही. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, बाईनं घरचं दुखणं फरशीत घातलं."

खुशालभाऊंनी ओमेशकडे पाहिलं. ओमेश खिडकीबाहेर पाहत होता.

अल्का पुढं म्हणाली, "म्हणा आता. घातलंच आहे. हा चौकोन निघेपर्यंत या इमारतीच्या पूर्णत्वाच्या दाखल्यावर माझी सही होणार नाही. रायपूरच्या पोराला खुशाल बोलवा." मग ती वळली. "अन् मावशी, तुमी काऊन काढल्या जी चपला? घाला पायात."