घोरण्याचा प्रश्न

चारचौघांत तिच्या घोरण्याची नक्कल केल्याशिवाय नवऱ्याच्या घशाखाली घास उतरत नसे. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी तिची जाडजूड मान टेपनं मोजून नवऱ्याला, "झोपेत घोरतात का हो? तसं असेल तर आधी तपासण्या करू, नाहीतर घशात नळी घालताना जिवावर बेतायचं," असं विचारलं, तेव्हा आता इथंही नक्कल होणार म्हणून तिनं डोळे मिटून घेतले.

"छे हो! मांजरासारखी गुपचूप झोपते," नवरा म्हणाला.

बावीस वर्षांत पहिल्यांदाच यांनी आपली लाज राखली! तिला भरून आलं. खरं सांगायला उघडलेलं तोंड तिनं मिटलं.

दुसऱ्या दिवशी स्ट्रेचर आत नेताना तिनं त्याचा हात घट्ट धरला.

"अगं, सोड आता," तो म्हणाला. "तपासण्यांत आठवडा गेला असता. माझी रजा शनिवारी संपतेय."