बागेतला बघण्याचा कार्यक्रम

"चालून दाखव जरा," अलकनंदाबाई म्हणाल्या.

पद्मजाला खरंच वाटेना. डब्लिनमध्ये, फार्मलीच्या या जुन्या महालाच्या बागेत, आजच्या काळात?

"इथं, काकू?"

"इथंच. त्या गुलाबांच्या वाटेनं. मी येते मागून."

सकाळपासून परीक्षाच चालली होती. आधी प्राणिसंग्रहालय. अनीश पुढे, हातात नकाशा, मागून त्याची आई अलकनंदाबाई आणि पद्मजा. हत्तींना दहा मिनिटं, वाघाला पाच. काचेपलीकडे वाघ येरझारा घालत होता. तीच वाट, तेच वळण, परत तीच वाट. पद्मजाचा पाय तिथून निघेना. "ग्रँड, झालं बघून," अनीश इथल्या आयरिश लोकांच्या थाटात हसून म्हणाला आणि तिच्या कोपराला धरून पुढे निघाला. तिचा फोन वाजला की विचारायचा, "कोण गं?" तेही हसूनच. आईचा फोन त्याच्याच खिशात होता. "हरवते ती," तो म्हणाला. बाई गप्प राहिल्या.

पद्मजाशी मात्र त्या बोलत होत्या. तो जरा लांब गेला की बोलत होत्या, आणि सगळे प्रश्नच. पासपोर्ट कुठं ठेवतेस? खोलीची किल्ली कुणाकडं असते? इथं कुणी आहे का तुझं, अडीनडीला धावून येईल असं?

"पासपोर्ट माझ्याकडेच असतो. किल्लीही. आणि निशिगंधा आहे ना, शेजारच्याच खोलीत राहते."

प्रत्येक उत्तराला बाईंचे ओठ आणखी आवळले जात. पद्मजाला वाटलं, फारच स्वतंत्र दिसतेय मी यांना. हातचं जाणार हे स्थळ.

ते घालवून चालणार नव्हतं. विद्यापीठातलं वर्ष संपत आलं होतं. व्हिसाचे सहा आठवडे उरले होते, नोकरीचा पत्ता नव्हता. अनीश जवळच्याच लिक्सलिपला संगणकाच्या चिपच्या कारखान्यात इंजिनियर, शहराच्या कडेला ओंगारला स्वतःचं घर. काल नागपूरहून बाबा म्हणाले होते, "तुला आवडला तरच हो म्हण, बेटा." आणि मग, अगदी हळू, "पण मी सगळ्यांना सांगून बसलोय."

आता अनीश तळ्याकाठच्या कॅफेत कॉफीच्या रांगेत होता. जाताना बजावून गेला होता, "इथून हलायचं नाही हं दोघींनी."

आणि बाई म्हणत होत्या, चाल.

ती चालली. मान खाली, पाऊल जपून.

"अशी नको. भरभर."

गुलाब मागे पडले. मग भिंतीला टेकवून वाढवलेली नासपतीची झाडं. मग विटांच्या भिंतीतलं एक बुटकं दार.

"काकू, ते शोधतील आपल्याला."

"मागं बघू नको." बाईंना धाप लागली होती.

पद्मजाच्या हातात फोन थरथरला. अनीश. थांबला. पुन्हा थरथरला.

"उचलू नको."

मोठं फाटक ओलांडलं. समोर रस्ता, रस्त्यावर बसथांबा. बाईंनी तिचं मनगट घट्ट धरलं.

"त्याचं एक लग्न झालंय. तुमच्या घरी आम्ही सांगितलं नाही. सुलेखा नाव तिचं. आठ महिने होती त्या ओंगारच्या घरात. हा कामावर जाताना बाहेरून कुलूप घालायचा. पासपोर्ट याच्याकडं. रविवारी याच्यासमोर बसून मला फोन करायची, नुसती रडायची. आणि मी पुण्यात बसून काय म्हणायचे? जुळवून घे गं बाळा. दर रविवारी म्हणायचे. शेवटी शेजारणीनं सोडवली तिला. मी नाही."

वळणावर दुमजली बस दिसली. बाईंनी हात केला.

"काकू, माझे बाबा..."

"बाबांना सगळं सांग. माझं नाव घेऊन सांग."

"आणि तुम्ही?"

"माझं परवा विमान आहे. चढ तू."

बसचं दार उघडलं. त्याच वेळी फाटकातून अनीश आला, हातातल्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये कॉफीचे तीन कप. आता तो हसत नव्हता.

"आई! काय चाललंय?"

पद्मजा पायरीवर चढली. बाई दारापुढं आडव्या उभ्या राहिल्या, पदर कमरेला खोचला, आणि सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"मला ही मुलगी पसंत नाही."