कोणाकडून आला

“काढून टाका न बाई ते गर्भाशय. आता तिले कायले पायजे?” खुर्चीत बसता बसता केशोराव म्हणाला.

त्याची बायको नंदाबाई शेजारीच बसली होती. कोहमाऱ्याच्या रस्त्याला केशोरावाची राईस मिल होती. मशीनच्या तुटलेल्या पट्ट्याबद्दल तो मिस्त्रीशी याच सुरात बोलायचा.

डॉक्टर रीतांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्या नंदाबाईशी बोलल्या. “कॅन्सर आहे, नंदाबाई. गर्भाशयाच्या तोंडाशी. पण लवकर सापडला. नागपूरला ऑपरेशन करावं लागेल, नंतर कदाचित किरणांचे शेकही द्यावे लागतील. बरं होण्यासारखं आहे.”

नंदाबाईनं पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं.

“असा रोग काऊन नाही होनार?” केशोराव म्हणाला. “खान्यापिन्याचं भान नाही, साफसफाईचं भान नाही. सांगून सांगून थकलो मी.”

“साफसफाईचा संबंध नाही. हे एका विषाणूमुळं होतं.” डॉक्टरांनी कागदावर एक गोल काढला. “ही आपल्या शरीरातली एक पेशी समजा. हिच्यात हजारो जनुकं असतात. कोणतं कधी चालू करायचं, कोणतं बंद ठेवायचं, हे पेशीचं पेशीच सांभाळते. काहींचं कामच राखण करायचं. पेशी बिघडली की तिला वाढू द्यायचं नाही, एवढंच. हा विषाणू आत शिरतो, स्वतःची जनुकं चालू करतो आणि त्या राखणदारांना निकामी करतो. मग वाढ चालू करणारी जनुकं बंदच होत नाहीत. पेशी तुमचीच, पण तिला थांब म्हणणारं कोणी उरत नाही. बहुतेक बायकांच्या अंगातून तो आपोआप निघून जातो. तुमच्या अंगातून गेला नाही.”

केशोरावानं जांभई दिली. “एवढं कायले सांगता बाई? चौथी शिकली आहे ते. हिले का समजनार आहे?”

“समजून राहिलं मले,” नंदाबाई म्हणाली. “आंगात येते कसा तो?”

“नवराबायकोच्या संबंधातून. शरीरसंबंधातून.”

केशोरावानं खुर्ची वळवली. ओलं धान विकायला आणलेल्या माणसाकडे पाहावं तसं त्यानं बायकोकडे पाहिलं.

“आयकलं? मी तं दिवसभर मिलवर राहतो बाई. घरी कोन येते, कोन जाते, मले का मालूम?”

आजवर त्यानं नंदाबाईला मूर्ख म्हटलं होतं, घाणेरडी म्हटलं होतं, सासूसमोर, जावांसमोर, मिलच्या हमालांसमोर. ती ऐकायची आणि त्याचं ताट वाढायची. पण हे त्यानं कधी म्हटलं नव्हतं.

“बाई,” तिनं विचारलं, “मानसाच्या आंगात राहते का हा?”

“राहतो. बहुतेक पुरुषांना त्रास होत नाही, पत्ताही लागत नाही. वर्षानुवर्षं दबून बसू शकतो. म्हणून तो कधी आला, कोणाकडून आला, हे तपासून सांगता येत नाही. आणि यावरून कोणी कोणाची चालचलणूक ठरवू नये.”

“झालं!” केशोरावानं टेबलावर थाप मारली. “डॉक्टरलेच सांगता येत नाही!”

“त्याइले येत नाही,” नंदाबाई म्हणाली. “मले येते.”

तिचा आवाज चढला नव्हता. “लगन होऊन आली तवापासून मी तुमचंच अंथरून पाहिलं. तुमी तांदूळ घेऊन रायपूरले जात होते, तं मुक्काम कोनाकडं राहे, हे तुमच्या डायव्हरनं त्याच्या बायकोले सांगतलं, अन् तिनं मले. मी चूप बसली. मानूस घरी वापस येते न, बस झालं, असं म्हनलं मी.”

“दुसऱ्यापुढं तोंड चालवते?” केशोराव उठला. खिशात गाडीची चावी चाचपू लागला.

डॉक्टरांनी नंदाबाईला विचारलं, “तुम्हाला मुलगी आहे ना?”

“आहे. टीना. आठवीत आहे. गाडीत बसली आहे.”

“याची लस निघाली आहे. संबंध येण्याआधी, या वयात दिली तर सगळ्यात चांगली.”

दारापर्यंत गेलेला केशोराव गर्रकन वळला. “माया पोरीले असली सुई? ते का तसली आहे?”

“मी कसली होती?” नंदाबाईनं विचारलं.

“चाल घरी,” एवढं म्हणून तो बाहेर पडला. त्याच्यामागं दार हलत राहिलं.

नंदाबाईनं डोळे पुसले. “नागपूरले मले माया भाऊ नेईन, नागरा गावचा लीलाधर. कधी जायचं ते सांगा.”

डॉक्टर लिहू लागल्या. बाहेर हॉर्न वाजला. थांबून पुन्हा वाजला, मग वाजतच राहिला. डॉक्टरांनी खिडकीकडे पाहिलं.

“वाजवू द्या,” नंदाबाई म्हणाली. “बॅटरी त्याइचीच आहे. ते लस तुमच्यापाशी आहे का आता?”

“आहे. फ्रीजमध्ये.”

दार ढकलून टीना आत आली. धावत आल्यानं तिला दम लागला होता. “आई, बाबा बोलावून राहिले तुले. लय भडकले आहेत. चाल न लवकर.”

नंदाबाईनं केशोरावाची खुर्ची ओढून आपल्याजवळ घेतली.

“बस इथं,” ती म्हणाली. “अन् बाही वर कर.”