पाण्याआडची जागा

"ह्यो न्हाय," गंगम्मा म्हणाली. "ह्याच्या मागं मांजर बसंल इतकी तरी जागा हाय का?"

सिदू धनगर काठीला रेलून उभा राहिला. बालाघाटाच्या दऱ्यांत सकाळपासून त्यानं तिला दाखवलेला हा दुसरा धबधबा. पहिल्याचं पाणी कधीच आटलं होतं. हा उघड्या कातळावरून नुसता घसरत होता.

"माझा मल्लू सांगायचा, आई, वरनं पडद्यागत पाणी पडतं अन् त्याच्या मागं आमी निजतो. कुणाच्या बापाला सापडायचं न्हाय."

पोलीस ॲक्शन होऊन दोन महिने झाले होते. निजामाची सत्ता गेली, रझाकारांची धामधूम सरली. जळकोटातली रानोमाळ लपलेली पोरं एकेक करून घरी आली. दाढ्या उतरल्या, कुणाकुणाची लग्नंही ठरली. गंगम्माचा मल्लिकार्जुन ज्यांच्यासंगं होता, त्यांतलं मात्र एकही परतलं नाही. कुणी म्हणालं, गोळीबारात गेले. कुणी म्हणालं, सगळ्यांना एका कडब्याच्या गंजीत घालून जाळलं.

पोरगा गेला, हे त्या विधवेनं छातीवर धोंडा ठेवून सोसलं असतं. पण जाळलं? लिंगायताच्या माणसाला मातीत बसवायचं असतं, मांडी घालून, हातावर इष्टलिंग ठेवून. त्याला आग लावतात होय? मल्लूची समाधी डोळ्यांनी बघितल्याशिवाय भाकरीला शिवणार नाही, असं तिनं शिवापुढं बोलून टाकलं होतं. दोन महिने नुसत्या दुधावर राहून बाईची पार काटकी झाली होती. ह्या दऱ्या सिदूइतक्या कुणाला ठाऊक नाहीत, असं कळलं तशी ती भल्या सकाळी त्याच्या मेंढवाड्यावर येऊन थडकली होती. त्याची बायको तेव्हा बाजाराला गेलेली.

"आणखी कुठला असंल तर सांगा, भाऊ. नसंल तर म्या एकटी हिंडते."

"एकट्या हिंडून कड्यावरनं पडाल, आक्का."

"पडले तर पडले. सुटले म्हणायचं."

सिदूनं तिच्या तोंडाकडं बघितलं. गालांची हाडं वर आलेली, ओठ सुकून फुटलेले. मग त्यानं काठी उचलली.

"एक हाय," शेवटी तो म्हणाला. "चला."

गंगम्मा उसळलीच. "अय्यो शिवा! मग सकाळपासनं मला इकडं तिकडं कशाला फिरवलं?"

"वाट अवघड हाय तिकडची."

वाट कसली! करवंदीच्या जाळ्या नुसत्या. सिदू खाली न बघता चालला होता. पाय आपोआप पडावेत, इतका सराव दिसत होता. काटेरी फांद्या हातानं धरून तो तिला पुढं काढत होता. एका वळणावर पाण्याचा आवाज आला, आणि गंगम्मा त्याच्याही पुढं झाली.

पाणी खरंच पडद्यासारखं पडत होतं. मागं कोरडी कपार. तीन दगडांची चूल, काजळी धरलेली. आणि आत कोपऱ्यात रचलेल्या दगडांचा कमरेएवढा ढीग, त्यावर पिवळाजर्द भंडारा.

गंगम्मा त्या ढिगापुढं बसली.

"कोण हाय ह्यो?"

सिदूनं डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं. ते चुरगाळत तो उभा राहिला.

"तुमचा मल्लू हाय, आक्का. म्या माझ्या हातानं बसवलं."

"बसवलं? जाळलं न्हाय?"

"न्हाय न्हाय. मांडी घालून बसवलं."

"अन् लिंग?"

"हातात दिलं की."

गंगम्मानं त्या दगडांना मिठी मारली आणि दोन महिन्यांचं रडू तिथं मोकळं केलं. सिदू पाण्याकडं तोंड करून थांबला.

"भाऊ, शेवटाला पाणी मिळालं का हो त्याला?"

"मिळालं. माझ्याच ओंजळीनं प्याला." सिदूनं मान वळवली नाही. "लई हट्टी पोरगं. नगं म्हटलं तरी रानात यायचं. वर दात काढायचं. रागावून तरी किती रागावणार?"

"व्हय की हो! अगदी तसाच!" गंगम्मा रडता रडता हसली. "बारका होता तवापासनं तसाच."

कनवटीची विभूती काढून तिनं दगडांना तीन बोटं ओढली. भंडाऱ्यावरून हात फिरवत म्हणाली, "धनगराच्या घरचा का असंना, माझ्या लेकराला कुणीतरी लावला. तुमचे उपकार कसे फेडू?" सिदूनं ओंजळीत पाणी घेतलं आणि तोंडावर मारलं. मग पुन्हा मारलं.

उतरून वाड्यावर आले तेव्हा ऊन कलतं झालं होतं. सिदूची बायको म्हाळसाबाई बाजारातून येऊन चुलीपुढं बसली होती. सिदू तसाच मेंढरांकडं गेला. गंगम्मानं आपण होऊन भाकरी मागितली. म्हाळसाबाईनं गरम भाकरी आणि चटणी पुढं ठेवली. पहिला घास गंगम्माच्या घशाखाली उतरता उतरेना, पण उतरला. तिला वाटलं, आता जळकोटला जाऊन जंगमाला बोलवायचं, पोराचं सगळं रीतसर करायचं.

"लुगडं भिजलंय तुमचं, आक्का," म्हाळसाबाई म्हणाली. "त्या पाण्याआड गेला होता व्हय?"

"व्हय."

"नशिबाच्या तुमी. वाट अवघड हाय म्हणून हे मला एकदासुदीक नेत न्हाईत." तिनं पदर डोळ्याला लावला. "तिथल्या पोरांस्नी भाकरी द्यायला गेला अन् आमचा बिरू गोळीला बळी पडला. बाकी सगळ्यांस्नी उचलून नेऊन जाळलं म्हणत्यात. ह्यांनी बिरूला तेवढं लपवून ठेवलं अन् तिथंच बसवलं. आई अजून आली न्हाय म्हणून रुसला असंल हो माझा."

गंगम्माच्या हातातला घास तसाच राहिला. बाहेर सिदू मेंढरांना हाका घालत होता. तिनं तो घास तोंडात घातला, सावकाश चावला आणि गिळला.

"न्हाय रुसला, बाई," ती म्हणाली. "आज आई येऊन गेली त्याची."