दुसरा जीव

“छगन! आरं ए छगन!”

पेवाच्या तोंडातून उत्तर आलं नाही. पुंजारामनं पुन्हा हाक मारली, काठावर दोन्ही हात टेकून, वाकून. खालच्या काळोखातून नुसती घरघर आली, झोपेत घोरणाऱ्या माणसासारखी.

बनुबाई लेकाच्या मागून पुढं आली. वर एक माणूस मावेल एवढंसं तोंड, खाली दोन पुरुष खोल खड्डा आणि त्यात वर्षभर कोंडलेली ज्वारी. वरची फरशी सरकवली की पेवाला एक रात्र वारं लागू द्यायचं, मग कंदील सोडून बघायचा. कंदील तगला तरच माणूस उतरायचा. सकाळपासून तिनं हेच तोंड वाजवलं होतं. पण उद्या छगनच्या बहिणीची हळद, घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि दुपारनंतर गिरणीला लाईट नाही. पुतण्या हसला होता. “मोठे आई, कंदिलाचा जमाना गेला आता,” म्हणाला आणि दोराला धरून उतरला.

छगनची आई रंगुबाई धावत आली. पेवात डोकावली आणि तिनं छाती पिटून घेतली. “आवो अक्का, बघत काय ऱ्हायल्या! माझ्या लेकाला काढा की वर!”

बघता बघता भावकी जमली. सगळ्यांचे डोळे बनुबाईवर. थोरली ती, पेव दोन्ही घरांचं, आणि काठावर उभा असलेला धडधाकट पुंजाराम तिच्या पोटचा. थोरल्या घरानं आपला लेक राखून ठेवला, असं उद्या गावानं म्हणावं? ते ऐकून घेणारी बाई ती नव्हती.

“उतर,” ती लेकाला म्हणाली. “भाऊ हाय तुझा.”

पुंजारामनं सदरा काढून फेकला आणि दोर धरला. तेवढ्यात त्याच्या लेकीनं, रश्मीनं, धावत येऊन त्याच्या मांडीला मिठी मारली.

“दादा, नको! तू बी तिथंच मरशील!”

“सोड त्याला! भरल्या घरात काय बोलतीस, कार्टे!” बनुबाई कडाडली. नातीवर तिचा आधीच राग. संगमनेरच्या मामानं दिलेलं ते गेमचं डबडं टीव्हीला जोडायचं आणि लाईट जाईपर्यंत बटणं बडवायची, एवढंच पोरीला येतं, असं ती अख्ख्या आळीला सांगायची.

“आजी, ऐक की! गेममदी तीन लाईफ असत्यात...”

“काय असत्यात?”

“जीव. तीन जीव. पयला खड्ड्यात पडला की मी घाईघाईनं दुसरा बी तिथंच घालायची. त्यो बी मरायचा. मंग तिसरा. रोज असंच व्हायचं.” पोरीच्या तोंडाला फेस आला होता, पण मिठी सुटत नव्हती. “आदी थांबायचं असतं, आजी. पयला कशानं मेला ते बघायचं असतं.”

बनुबाईनं खाली बघितलं. घरघर चालू होती, पण थांबून थांबून. छगन कशानं पडला हे तिथं जमलेल्या सगळ्यांहून तिला जास्त ठाऊक होतं. लोक काय म्हणतील या एका भ्यानं डोकं बंद पडलं होतं.

“पुंज्या, थांब.”

“आये, त्यो मरंल!”

“थांब म्हनलं ना!” तिनं त्याच्या कमरेचं धोतर मुठीत धरलं.

रंगुबाई वळली. “व्हय, धरा! पोटचा हाय न्हवं! तुमचा वर, माझा खाली!” साऱ्या भावकीदेखत म्हणाली.

बनुबाईनं कुणाचं उसनं कधी ठेवलं नव्हतं. हे मात्र तिनं गिळलं. “कंदील आना,” एवढंच म्हणाली.

कंदील दोराला बांधून सोडला. कमरेइतका खाली गेला आणि कुणी चिमटीत वात धरावी तसा विझला. पुंजाराम न सांगता दोन पावलं मागं सरला.

“लिंबाची फांदी तोडा, मोठी! दोराला बांधा आन् वर-खाली हाना. वारं घाला आत!”

फांदी आत सपासप वर-खाली होऊ लागली. बनुबाई स्वतः घोंगडीनं वारा घालू लागली. रंगुबाई रडत होती, मधेच शिव्या देत होती. घरघर ऐकू यायची, कधी यायची नाही. आली नाही की सगळ्यांचे हात थबकायचे आणि बनुबाई खेकसायची, “हाना! तोंड काय बघताय माझं!”

पुन्हा सोडलेला कंदील फडफडला, मंदावला, पण जळत राहिला.

मग तिनंच पुंजारामच्या कमरेला दोर बांधला. गाठ दातांनी आवळली. “ह्यो दुसरा दोर छगनच्या बगलंत घाल आन् हिसका दे. गरगरायला लागलं तर त्याला तसाच सोडून वर ये.” शेवटचं वाक्य ती मुद्दाम मोठ्यानं बोलली, रंगुबाईला ऐकू जाईल असं.

छगनला वर ओढला तेव्हा त्याचे ओठ काळेनिळे पडले होते. त्याला उघड्यावर उताणा निजवला, छाती चोळली. बऱ्याच वेळानं तो ओकला आणि त्यानं डोळे उघडले. रंगुबाईनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. कुणीतरी कर्जतला दवाखान्यात न्यायला जीप बघायला पळालं.

रश्मी आजीला येऊन चिकटली. बनुबाईनं तिला पदराखाली घेतलं.

“त्या गेममदी,” तिनं हळूच विचारलं, “खड्डा पार झाला की मंग काय?”

“मंग पुढं आनखी एक असतो, आजी. पयल्यापरीस मोठा.”

बनुबाईनं जावेकडं पाहिलं. रंगुबाई तिच्याकडं पाठ करून बसली होती. तिला सुनवायचे शब्द जिभेवर गोळा झाले होते, आणि एकही खोटा नव्हता. बनुबाई उठली, जावेजवळ गेली आणि काही न बोलता, हातभर जागा सोडून, मातीत बसली.