स्वभावाचं पाकीट

"सांगितलं तर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही," फिटरकाकांनी चहाचा ग्लास खाली ठेवला, "पण बंद पाकिटातलं मला वाचता येतं."

कोणाचाच बसला नाही. बसणार कसा? पेटत्या भट्टीत हात घालून घड्याळ बाहेर काढलं आणि ते मिनिटभरही मागे पडलं नव्हतं, असं शपथेवर सांगणारा हा माणूस.

कँटीनच्या शेवटच्या बाकावर क्रेनवाली एकटी बसली होती. नऊ वर्षं तिनं शेडच्या छताखालून पंधरा-पंधरा टनांचे साचे उचलून नेले, खाली कोणाच्या टोपीलाही धक्का लागू दिला नाही. परवा मॅनेजरसाहेबांनी तिला पाकिटासकट बोलावून तिच्या स्वभावाचा कागद वाचून दाखवला, आणि सोमवारपासून स्टोअरमध्ये नटबोल्ट निवडायला जा म्हणाले.

बाहेरच्या कुठल्याशा कंपनीनं सगळ्यांकडून दोनशे प्रश्न सोडवून घेतले होते. डोंगर आवडतो की समुद्र, असले. मग प्रत्येकाच्या हातात एक चिकटवलेलं पाकीट. वर शिक्का : खासगी, कोणालाही दाखवू नये. आणि कोणी दाखवलंही नव्हतं, एका क्रेनवालीशिवाय. काल काकांनी तिचा कागद वाचला, घरी जाऊन स्वतःचं पाकीट फोडलं, आणि तेव्हापासून त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. खरं सांगून उपयोग नव्हता. त्यांच्या खऱ्याला या शेडमध्ये कोण विचारतो? म्हणून थापच मारायची ठरवली.

"टर्नर, तुझ्यात गुण भरपूर आहेत. पण ते अजून पुरते वापरलेच गेले नाहीत."

टर्नरचा घास हातातच राहिला. "काका, पाकीट मी घरी कपाटात, पार तळाशी ठेवलंय. बायकोनंसुद्धा बघितलेलं नाही."

"आणि आचारीबुवा, तुम्ही बाहेरून खंबीर. आतून मात्र काळजी पोखरत असते."

आचाऱ्यानं झारा बाजूला ठेवला. "ते वाचून मला रडूच आलं हो. जन्मदात्या आईला कळलं नाही, ते त्या लोकांना कळलं."

"चारचौघांत मोकळा, पण मनातलं सगळं कोणाला सांगत नाही. स्टोअरकीपर."

"अगदी, अगदी," स्टोअरकीपर म्हणाला आणि खुर्ची पुढे ओढून बसला.

आता सगळेच पुढे सरकले. घड्याळाची गोष्ट ज्यांनी हसण्यावारी नेली होती, तेच "माझं सांगा, माझं सांगा" करत काकांच्या बाह्या ओढू लागले. काकांना वाटलं होतं, एकजण तरी उठून म्हणेल की अरे, हे तर माझ्याही कागदात आहे. पण टर्नरचं चाललं होतं तेव्हा आचारी आपली पाळी कधी येते ते बघत होता, आणि आचाऱ्याचं चाललं तेव्हा टर्नर अजून स्वतःच्या गुणांतच होता. काकांच्या कानशिलाची शीर ताडताड उडू लागली.

तेवढ्यात मॅनेजरसाहेब चहाला आले. गर्दी बघून थांबले.

"साहेब, तुमचंही पाकीट असेल की. सांगू?"

"सांगा, बघू तरी," साहेब हसले.

काकांनी डोळे मिटले. "मोठा निर्णय घेतल्यावर आपण बरोबर केलं की चूक, ही शंका तुम्हाला कधी कधी आतून खात राहते."

साहेबांचा कप ओठांशी थांबला.

"कमाल आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "शब्द न् शब्द खरा."

"खोटं आहे."

शेवटच्या बाकावरून क्रेनवाली उठली होती. "काकांना बंद पाकिटातलं काही दिसत नाही. ही ओळ साहेबांची नाही, माझी आहे. परवा हिच्यावरच बोट ठेवून साहेबांनी मला क्रेनवरून खाली उतरवलं."